निर्देशगणना आणि नियतकालिकांची योग्यता

गेल्या वर्षप्रतिपदेच्या सुमारास आमच्या संस्थेच्या ग्रंथालय-उपसमितीपुढें एक सूचना आली. वर्गणीनें व मोबदल्यानें येणाऱ्या नियतकालिकांचा खर्च व त्यांस लागणारी जागा हीं दोन्हीं आवाक्याबाहेर चाललीं आहेत. तेव्हां नियतकालिकांची तुलना करून देणारें जें साधन इंटरनेटवर उपलब्ध आहे, त्यांत प्रत्येकाचा आंकडा पहावा, आणि ज्यांचा आंकडा हलका निघेल किंवा ज्यांचें नांवच सांपडणार नाहीं, तीं बंद करावीं, अशी ती सूचना होती. सूचना करणारे गृहस्थ तरुण, उद्योगी व संस्थेविषयीं मनापासून कळकळ बाळगणारे आहेत, आणि जागेची अडचण तर कोणासही नाकारतां येण्यासारखी नाहीं. उपसमितीनें त्या साधनाचें परीक्षण करून अभिप्राय देण्याचें काम आमच्याकडे सोंपविलें. पस्तीस वर्षें शाळेंत संस्कृत शिकविलेल्या माणसाकडे असलें काम यावें याचें आम्हांस प्रथम नवल वाटलें. परंतु विषयांत शिरतांच असें आढळून आलें कीं, तो आमच्या ओळखीचाच आहे. कोणी कोणाचें नांव घेतलें, कोठें घेतलें व कशाकरितां घेतलें, हें शोधण्यांतच जुन्या पोथ्यांच्या अभ्यासकाचा निम्मा जन्म जातो. प्रश्न आमच्या एका संस्थेपुरता नसल्यामुळें तो अभिप्राय येथें विस्तारानें देत आहों.

प्रथम या साधनाची कुळकथा पाहूं. निर्देशांची पद्धतशीर सूची करण्याची कल्पना मूळ विद्वानांची नव्हे, वकिलांच्या उपयोगाची आहे. अमेरिकेंत फ्रँक शेपर्ड यानें १८७३ सालीं इलिनॉय संस्थानांतील निवाड्यांची अशी सूची काढण्यास आरंभ केला. एखाद्या निवाड्याचा आधार पुढील कोणत्या निवाड्यांत घेतला गेला, किंवा तो पुढें कोणी फिरविला काय, हें वकिलास तींत एका दृष्टिक्षेपांत कळत असे. १९२७ सालीं ग्रॉस या आडनांवाच्या दोघां अभ्यासकांनीं एका लहान कॉलेजच्या ग्रंथालयानें रसायनशास्त्राचीं कोणतीं नियतकालिकें घ्यावींत हें ठरविण्याकरितां, अमेरिकन केमिकल सोसायटीच्या नियतकालिकाच्या १९२६ सालच्या अंकांतील निर्देश मोजून पाहिले. म्हणजे आमच्या उपसमितीपुढें आलेल्या सूचनेला जवळजवळ शंभर वर्षांचा वंश आहे, हें मोकळेपणानें कबूल केलें पाहिजे. पुढें यूजीन गारफील्ड यांनीं १९५५ सालीं ‘सायन्स’ या पत्रांत लेख लिहून शास्त्रीय वाङ्मयासाठीं अशी सूची असावी असें प्रतिपादिलें, फिलाडेल्फिया येथें त्यासाठीं संस्था काढली, १९६४ पासून ‘सायन्स सायटेशन इंडेक्स’ ही सूची नियमित निघूं लागली आणि १९७५ पासून नियतकालिकांचे ताळेबंद ‘जर्नल सायटेशन रिपोर्ट्स’ या नांवानें प्रसिद्ध होऊं लागले. आज ते क्लॅरिव्हेट या कंपनीच्या मालकीचे आहेत. एल्सव्हिअर या प्रकाशनसंस्थेनें २००४ सालीं ‘स्कोपस’ नांवाची दुसरी सूची काढली. तिच्याच सामग्रीवर स्पेनमधील कांहीं विद्वानांनीं उभारलेलें ‘सायमागो’ हें साधन २००७ पासून कोणासही विनामूल्य पाहतां येतें. उपसमितीपुढील सूचना मुख्यतः याच साधनाविषयीं होती.

आतां हीं साधनें करितात काय, हें थोडक्यांत सांगतों. सर्वांत जुनें माप ‘प्रभावांक’ अथवा इंपॅक्ट फॅक्टर. समजा, एका त्रैमासिकानें २०२२ व २०२३ या दोन सालांत मिळून ४८ लेख छापले, आणि २०२४ सालीं सूचींतील नियतकालिकांमध्यें त्या दोन सालांच्या मजकुराचे १२ निर्देश झाले. तर १२ ला ४८ नें भागून ०.२५ हा त्याचा २०२४ चा प्रभावांक. स्कोपसचें ‘साइटस्कोअर’ हें माप याच जातीचें, परंतु तें चार वर्षांची मुदत धरतें. सायमागोचें माप तीन वर्षांची मुदत धरतें, आणि त्यांत आणखी एक खुबी आहे. सर्व निर्देश सारखे न मानतां, ज्या नियतकालिकाचा मान मोठा त्यानें केलेल्या निर्देशाचें वजन अधिक धरावयाचें, आणि हा मान पुन्हां त्याला मिळालेल्या निर्देशांवरून ठरवावयाचा, असें हें गणित फिरत फिरत स्थिर होईपर्यंत चालतें. शिवाय एखाद्यानें स्वतःचीच टिमकी वाजवूं नये म्हणून स्वतःच्या निर्देशांचा भाग शेंकडा ३३ हून अधिक धरला जात नाहीं. शेवटीं प्रत्येक विषयांतील नियतकालिकें ओळीनें लावून त्यांचे चार भाग करितात. पहिल्या चतुर्थकांत असणें ही आज मोठी पदवी समजली जाते.

आम्हीं एका माजी विद्यार्थ्याच्या साहाय्यानें चार सायंकाळ बसून हें साधन चालवून पाहिलें. नांवें घालावीं, तों वर्षवार रेघा समोर उमटतात. कोणाची रेघ चढती, कोणाची उतरती, हें क्षणांत दिसतें. रचना स्वच्छ आहे व वापर सोपा आहे. नंतर आम्हीं आमच्या या त्रैमासिकाचें नांव घातलें. कांहीं निघालें नाहीं. लेखन बदलून घातलें. तरी कांहीं निघालें नाहीं. मोबदल्यानें येणाऱ्या मराठी नियतकालिकांपैकीं आम्हीं जीं जीं पाहिलीं, त्यांचीही तीच गत झाली. आमचे माजी विद्यार्थी जरा ओशाळून म्हणाले, “गुरुजी, यांत नाहीं म्हणजे वाईट आहे असा अर्थ नव्हे.” तें खरेंच आहे. परंतु सूचनेंत नेमका तोच अर्थ गृहीत धरलेला होता, आणि तो अर्थ काढणारे लोक आमच्या उपसमितीबाहेर पुष्कळच आहेत.

साधनाचे गुण आधीं सांगणें न्यायाचें होय. एक तर त्यानें विषयवार वर्ग पाडले आहेत. वैद्यकाच्या पत्राशीं इतिहासाच्या पत्राची तुलना करूं नका असें तें स्वतःच सुचवितें. दुसरें, एखादें नियतकालिक जिवंत आहे कीं बंद पडलें, कोण काढतो, कोणत्या सालापासून त्याची नोंद आहे, हें घरबसल्या कळतें. तिसरा गुण आम्हांस सर्वांत मोठा वाटतो. ज्या सूचींवर हीं साधनें उभीं आहेत, त्या सूचींत एखाद्या लेखापासून पुढें चालत जातां येतें. आमची टीप मागें नेते. आपण ज्याचा आधार घेतला तो त्यापूर्वींचा असतो. परंतु वीस वर्षांपूर्वींच्या एखाद्या ताम्रपटाच्या वाचनावर पुढें कोणी काय आक्षेप घेतला, हें शोधण्यास आम्हांस अजून सगळे अंक उलथेपालथे करावे लागतात. गारफील्ड यांनीं १९५५ सालीं जी कल्पना मांडली तिचा मूळ हेतु हाच मागोवा घेण्याचा होता. नियतकालिकांना क्रमांक देणें हें त्या झाडाचें पुढें फुटलेलें फांटें आहे.

आणि हा मागोवा आमच्या विद्येंत कांहीं नवा नाहीं. थिओडोर औफ्रेक्ट यांनीं १८९१ ते १९०३ या काळांत तीन भागांत प्रसिद्ध केलेली संस्कृत ग्रंथांची व ग्रंथकारांची महासूची ज्यांनीं हाताळली असेल, त्यांस आठवेल कीं, तींत एखाद्या ग्रंथाच्या पोथ्या कोठें आहेत एवढेंच दिलेलें नाहीं; तो ग्रंथ पुढें कोणी उल्लेखिला हेंही दिलेलें आहे. हेमाद्रीनें अमक्याचा उल्लेख केला, रघुनंदनानें तमक्याचा केला, अशा नोंदी तींत जागोजाग आहेत. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरांतील परशुराम कृष्ण गोडे यांनीं आपल्या शेंकडों लेखांत याच हत्यारानें ग्रंथांचे काळ बांधून दिले. एक ग्रंथ दुसऱ्याचें नांव घेतो म्हणून तो त्याच्यानंतरचा. तिसरा त्याचें नांव घेतो म्हणून तो तिसऱ्याच्या आधींचा. मग मधल्या फटींत त्याचा काळ बसवावयाचा. महामहोपाध्याय काणे यांच्या धर्मशास्त्राच्या इतिहासाचा पहिला खंड १९३० सालीं निघाला. त्यांतील ग्रंथकारांच्या कालनिर्णयाचा पाया बहुतांशीं याच पद्धतीवर आहे. १९३३ सालीं त्यांनीं कात्यायनाची व्यवहारावरील स्मृति सिद्ध केली, ती मूळ ग्रंथ हरवलेला असतां निबंधकारांनीं उद्धृत केलेल्या श्लोकांवरूनच. निर्देशाचें सामर्थ्य काय असतें हें आम्हांस कोणी नव्यानें सांगावयास नको. कित्येक ग्रंथ असे आहेत कीं, कोठेंतरी दुसऱ्या कोणी एकदां नांव घेतलें एवढाच त्यांच्या अस्तित्वाचा पुरावा उरला आहे.

परंतु लक्षांत घेण्याजोगी गोष्ट ही कीं, या थोर पंडितांनीं निर्देशावरून काळ ठरविला, प्रसार ठरविला, हरवलेला पाठ उभा केला. निर्देश मोजून योग्यता ठरविली नाहीं. हेमाद्रि ज्याचें नांव दहा वेळां घेतो तो एकदां उल्लेखिलेल्या ग्रंथकाराच्या दसपट मोठा, असें औफ्रेक्ट यांनीं कोठें म्हटलेलें नाहीं. निर्देश हा साक्षीदार आहे. त्याला काय पाहिलें तें विचारावें, निवाडा देण्यास सांगूं नये. आमच्या सर्व आक्षेपांचें मूळ येथें आहे. ते आतां क्रमानें मांडतों.

पहिला आक्षेप पूर्वपक्षाचा. आमचे शास्त्रकार ज्यांचीं मतें उद्धृत करितात, त्यांपैकीं निम्म्यांचीं तीं खोडून काढण्याकरितां करितात. चार्वाकांचे मूळ ग्रंथ आज जवळजवळ नाहींत. त्यांचीं मतें आपणांस कळतात तीं त्यांच्या विरोधकांच्या ग्रंथांतून. चौदाव्या शतकांतील ‘सर्वदर्शनसंग्रहा’चा तर आरंभच त्यांच्यापासून होतो. निर्देशगणनेच्या मापानें चार्वाक हे भारतांतील अग्रगण्य आचार्य ठरावेत! गंमत अशी कीं, शेपर्डच्या सूचींत निवाड्याचा आधार घेतला कीं तो फिरविला, याची वेगळी खूण असे. वकिलास त्यावांचून चालण्यासारखें नव्हतें. नियतकालिकांच्या आंकड्यांत ती खूण गळून पडली आहे. खंडनासाठीं केलेला निर्देशही तेथें एक, आणि वंदनासाठीं केलेलाही एकच. आणि जेथें शास्त्रकार नांव न घेतां ‘केचित्’ किंवा ‘अपरे’ एवढेंच म्हणतो, तेथें तर मोजण्यासारखें कांहीं उरतच नाहीं. मग त्या ‘केचित्’च्या मागें केवढा मोठा आचार्य उभा असो.

दुसरा आक्षेप संख्येचा. विष्णु सीताराम सुखठणकर यांच्या संपादकत्वाखालीं आदिपर्वाची चिकित्सक आवृत्ति १९३३ सालीं पुरी झाली. त्यांच्यापुढें नागरी लिपींतील प्रतींचा ढीग होता, आणि नीलकंठ चतुर्धराचा पाठ तर देशभर पसरलेला होता. मतें मोजावयाचीं असतीं तर काम सोपें होतें. परंतु एकाच मूळ प्रतीवरून शंभर नकला झाल्या तरी साक्षीदार एकच, हें जाणून त्यांनीं काश्मीराकडील शारदा लिपींतील हाताच्या बोटांवर मोजण्याजोग्या प्रतींना फार मोठें महत्त्व दिलें. सायमागोचें गणितही वजन धरतें, हें आम्हीं वर सांगितलेंच आहे, आणि कोणी म्हणेल कीं हें सुखठणकरांच्या पद्धतीसारखेंच झालें. तसें नाहीं. शारदा प्रतीचें वजन ओळीस ओळ ताडून, तिच्यांतील पाठ वाचून, अवघड पाठ कोठें टिकला व भर कोठें पडली हें पाहून ठरलें. गणितांतील वजन मात्र पुन्हां संख्येंतूनच निघतें. वाचन त्यांत कोठेंही नाहीं.

तिसरा आक्षेप सरासरीचा. शितावरून भाताची परीक्षा करतात हें खरें. पण तें शीत त्या भाताचें नमुनेदार असावें लागतें. ‘अॅक्टा क्रिस्टॅलोग्राफिका’ या स्फटिकशास्त्राच्या पत्राच्या ‘ए’ विभागांत २००८ सालीं जी. एम. शेल्ड्रिक यांचा ‘शेलेक्स’ या गणनपद्धतीचा इतिहास सांगणारा एक लेख आला. त्या पद्धतीचा उपयोग करणारे सर्व जगांतील संशोधक त्याचा निर्देश करूं लागले, आणि त्या पत्राचा प्रभावांक एका वर्षांत दोनच्या आसपास होता तो ४९.९२६ वर जाऊन बसला. बाकीचे लेख त्या वर्षीं पंचवीसपट चांगले झाले होते काय? अर्थात् नाहीं. ती दोन वर्षांची मुदत उलटल्यावर आंकडा पुन्हां खालीं आला. एका श्रीमंत बिऱ्हाडामुळें सगळा वाडा श्रीमंत ठरत नाहीं, हें आमच्या पेठेंतील कोणतीही म्हातारी सांगेल.

चौथा आक्षेप मुदतीचा, आणि इतिहासाच्या दृष्टीनें तो सर्वांत जड आहे. जेधे घराण्याची शकावली १९१६ सालीं लोकमान्य टिळकांनीं प्रसिद्ध केली. तोंवर अनेक बखरी व त्यांवर विसंबणारे ग्रंथ श्रीशिवछत्रपतींचा जन्म शके १५४९ मध्यें झाल्याचें सांगत होते. या एका टिपणानें फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१, म्हणजे इ. स. १६३० चा फेब्रुवारी, ही मिति पुढें आणली. नंतर परमानंदाच्या ‘शिवभारता’चा दुजोरा मिळाला. वाद पिढ्यान् पिढ्या चालला, आणि महाराष्ट्र शासनानें १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख मान्य केली ती २००१ सालीं. १९१६ ते २००१ म्हणजे ८५ वर्षें. दोन वर्षांची, तीन वर्षांची किंवा चार वर्षांची मुदत घेऊन बसलेल्या मापाला या शकावलीची किंमत काय दिसली असती? आणि निर्देशांची संख्याच प्रमाण धरली असती तर शके १५४९ हीच मिति कायम झाली असती. कारण उल्लेख तिचेच अधिक होते. मानव्यविद्यांत निर्देश सावकाश पिकतात ही गोष्ट या साधनांच्या चालकांसही ठाऊक असावी. क्लॅरिव्हेटच्या मानव्यविद्यांच्या सूचींतील नियतकालिकांस २०२३ सालापर्यंत प्रभावांक देण्याची चालच नव्हती.

पांचवा आक्षेप भाषेचा व लेखनपद्धतीचा. आमच्या अभ्यासकाच्या टिपा पहा. ‘रा. खं.’ म्हणजे राजवाड्यांचे खंड, ‘पे. द.’ म्हणजे पेशवे दप्तर, पुढें लेखांक. आपल्यांतील कोणासही तें फोड करून सांगावें लागत नाहीं, आणि यंत्रास तें कधींही उमगत नाहीं. आमच्या जुन्या अंकांवर शक असतो, सन नसतो. एकाच त्रैमासिकाचें नांव कोणी पूर्ण लिहितो, कोणी ‘त्रै.’ एवढ्यावर भागवितो. त्यांत आमचे बहुतेक निर्देश नियतकालिकांना नसून साधनग्रंथांना असतात, आणि ते निर्देश ज्या मराठी पुस्तकांत व अंकांत असतात तीं सूचींतच नाहींत. सूचीबाहेरच्यानें सूचीबाहेरच्याचा केलेला निर्देश हा या साधनाच्या दृष्टीनें घडलेलाच नसतो. मोडी वाचणाऱ्याचा वाचकवर्ग मराठी वाचणारा असावयाचा. त्यानें कोणत्या भाषेंत लिहावें हें त्याच्या विषयानें ठरलेलें आहे.

येथवर वाचून कोणी म्हणेल कीं, साधन अपुरें आहे तर तें बाजूस ठेवावें. एवढा खटाटोप कशाला? खटाटोप अशासाठीं कीं, त्या आंकड्यांवर माणसांच्या नोकऱ्या व कागदांचें आयुष्य अवलंबून राहिलें आहे. विश्वविद्यालय अनुदान आयोगानें २०१० सालच्या नियमांनीं अध्यापकांच्या बढतीसाठीं गुणमोजणी सुरू केली. २०१८ सालच्या नियमांत प्रभावांक एकाहून कमी असेल तर लेखास १० गुण अधिक आणि दहाहून वर असेल तर ३० गुण अधिक, अशी चढती पायरी लावून दिली. नियतकालिकांची मान्य यादी २०१७ सालीं निघाली. तींतून ४३०५ नांवें २०१८ च्या मे महिन्यांत एकदम गाळावीं लागलीं. २०१९ सालीं ‘केअर’ नांवाची नवी यादी आली, तिचें काम पुण्याच्या सावित्रीबाई फुले विद्यापीठांतील कक्षाकडे होतें. आणि २०२५ च्या फेब्रुवारींत ती यादीही आयोगानें बंद केली व नियतकालिकांची पारख करण्याचें काम ज्या त्या विद्यापीठावर सोंपविलें. पैसे घेऊन वाटेल तें छापणारे भोंदू प्रकाशक बोकाळले होते, तेव्हां कांहींतरी चाळण हवी होती हें आम्हांसही मान्य आहे. पण आठ वर्षांत तीन वेळां चाळणी बदलावी लागते, याचा अर्थ धान्य पारखणारा माणूस जाग्यावर नाहीं, असाच होतो.

याचा परिणाम आम्हीं डोळ्यांनीं पाहिला आहे. आमचा एक विद्यार्थी एका कॉलेजांत इतिहास शिकवितो. मावळांतील एका वतनदार घराण्याचें मोडी दप्तर त्याच्या हातीं आलें. तीनशेंच्या वर कागद, त्यांत महजर, निवाडपत्रें व कौलनामे. मूळ संहितेसह तें आमच्या त्रैमासिकांत क्रमशः छापावें असें आम्हीं सुचविलें. त्यानें मान खालीं घालून सांगितलें कीं, त्याच्या कॉलेजांत मराठींतील व आंकडा नसलेल्या त्रैमासिकांतील लेख हिशेबांत धरीत नाहींत. त्या कागदांवरून इंग्रजींत एक आठ हजार शब्दांचा निबंध करून आंकडा असलेल्या पत्राकडे पाठविणें त्यास भाग आहे. निबंध तीन ठिकाणांहून परत आला. तीन वर्षें गेलीं. मधल्या पावसाळ्यांत त्या घराचा माळा गळला, आणि उरलेला गठ्ठा जेव्हां सोडला तेव्हां चाळीसएक कागद कसरीनें खाऊन त्यांची जाळी झाली होती. त्यांच्या नकला झालेल्या नव्हत्या. आम्ही त्या विद्यार्थ्यास दोष देत नाहीं. त्यास घरसंसार आहे. परंतु ते चाळीस कागद आतां कोणत्याही चतुर्थकांत सांपडावयाचे नाहींत.

या अनर्थाची जाणीव पश्चिमेकडील विद्वानांसही झाली आहे, हें आमच्या तरुण मित्रांनीं ध्यानांत घ्यावें. २०१२ च्या डिसेंबरांत सॅन फ्रान्सिस्को येथें तयार झालेल्या व २०१३ सालीं प्रसिद्ध झालेल्या जाहीरनाम्याचें पहिलें कलमच असें आहे कीं, नियतकालिकाचें माप हें एकेका लेखाच्या गुणवत्तेच्या जागीं वापरूं नये, नेमणूक व बढती यांतही वापरूं नये. २०१५ सालीं ‘नेचर’ पत्रांत आलेल्या लायडनच्या जाहीरनाम्यांत दहा तत्त्वें आहेत. त्यांतील तिसरें, स्थानिक महत्त्वाच्या उत्तम संशोधनाचें रक्षण करावें, असें आहे. आमचा पक्ष अडाणीपणाचा आहे असें ज्यांस वाटत असेल, त्यांनीं हे दोन लेख अवश्य वाचावेत.

आतां दोष आपल्याकडचाही पाहिला पाहिजे. नाहींतर हें परीक्षण एकतर्फी ठरेल. आमच्या त्रैमासिकांचे अंक वेळेवर निघत नाहींत. दोन दोन अंक जोडून काढण्याची संवय आम्हांस लागली आहे. वार्षिक सूची कित्येक वर्षें निघालेली नाहीं. एखादें पत्र पूर्वीं कोणी छापलें असतां तें पुन्हां ‘अप्रसिद्ध’ म्हणून छापण्याचा प्रमाद आमच्या पानांतही घडला आहे. त्याहून वाईट म्हणजे दुसऱ्यानें कष्टानें लावलेलें वाचन त्याचें नांव न घेतां वापरण्याची रीत. निर्देश मोजूं नयेत असें आम्ही म्हणतों तें ठीक. परंतु निर्देश करूच नयेत असें कोणत्या शास्त्रांत सांगितलें आहे? ज्या हेमाद्रीनें प्रचंड ग्रंथ रचतांना आपण कोणाचें वचन घेतलें हें पदोपदीं सांगितलें, त्याचे आपण वारस म्हणवितों. परक्या यंत्रानें आपली दखल घेतली नाहीं अशी तक्रार करण्यापूर्वीं, आपण एकमेकांची दखल घेतों काय, हें विचारावें.

म्हणून उपसमितीस आम्हीं जो अभिप्राय दिला तो असा. एक : साधनांत नांव नाहीं एवढ्यावरून कोणतेंही नियतकालिक बंद करूं नये. दोन : जीं परदेशी नियतकालिकें वर्गणीनें येतात, त्यांच्याबाबत साधनाचा उपयोग माहितीपुरता करावा, परंतु बंद करण्यापूर्वीं तीन वर्षांचे अंक कोणीतरी प्रत्यक्ष चाळून, त्यांत आमच्या विषयाचें काय आलें याचें एक पानभर टिपण द्यावें. हें काम करण्यास आम्ही तयार आहों. तीन : जागेसाठीं कांहीं काढावयाचेंच झालें, तर जीं अन्यत्र सहज पाहावयास मिळतात तीं आधीं काढावींत, ज्याची प्रत या शहरांत आमच्याकडेच आहे, त्याला शेवटपर्यंत हात लावूं नये. चार : आमच्या त्रैमासिकानें पुढील अंकापासून शकाबरोबर सन द्यावा, टिपांतील संक्षेपांची फोड दरवर्षीं एकदां छापावी, आणि वार्षिक सूचींत, अमुक लेखाचा पुढें कोणीं आधार घेतला व कोणीं तो खोडला, अशीं दोन वेगळीं सदरें घालावींत. शेपर्डनें वकिलांसाठीं जें केलें, औफ्रेक्टनें पोथ्यांसाठीं जें केलें, तें आम्हांस आमच्या साठ-सत्तर वर्षांच्या अंकांसाठीं करतां न येण्यासारखें नाहीं. दोन माणसें व दोन पावसाळे पुरेत.

पहिल्या तीन सूचना उपसमितीनें मान्य केल्या. चौथीला माणसें कोठून आणावयाचीं, असा प्रश्न निघाला. मूळ सूचना आणणारे ते तरुण गृहस्थ उठून म्हणाले कीं, पहिल्या वीस वर्षांचे अंक ते स्वतः घेतील. त्यानंतरचे वीस आम्हीं घेतले आहेत. उरलेल्या अंकांसाठीं ज्या वाचकांस हौस असेल, त्यांनीं चिटणीसांकडे नांव नोंदवावें. आणि ज्यांच्या माळ्यावर मोडी कागदांचे गठ्ठे पडून असतील, त्यांनीं पावसाळ्यापूर्वीं ते खालीं काढून, ऊन दाखवून, निदान त्यांची एक यादी तरी आमच्याकडे धाडावी. तिला प्रभावांक मिळणार नाहीं. पण ती छापली जाईल, आणि पन्नास वर्षांनीं ज्याला गरज पडेल त्याला ती सांपडेल.